पाप ओळखणारी बरणी

आमच्या देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला आणि तिसऱ्या दिवशी सगळं गाव कामधंदा सोडून देवळासमोर जमलं. पोलिसांत तक्रार द्यायची तर वडवणीला जावं लागतं आणि तिथं कुणी चमत्कार दाखवत नाही. म्हणून धारूरच्या डोंगरातून शिवशंकर महाराज आणले होते. त्यांच्यापुढं काचेच्या बरण्या मांडलेल्या, बरण्यांत जांभळं तीर्थ. ज्याच्यावर संशय असेल त्यानं त्यात हात घालायचा. माणूस निष्पाप असला तर तीर्थ तसंच राहणार, चोर असला तर त्याचं पाप काळं होऊन तळाला बसणार.

"हात धुवायचा न्हाई," महाराजांनी बजावलं. "धुतला की पाप वाहून जातंय."

पाप इतकं स्वस्तात जातं हे मला त्या दिवशी कळलं.

मी राधाकिशन, जनावरांच्या दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर. तीर्थ बघताक्षणी मी ओळखलं. लाळ्या-खुरकत झालेल्या जनावरांची तोंडं आणि खुरं मी तीस वर्षं ह्याच जांभळ्या औषधाच्या पाण्यानं धुतली. ह्याच गावातल्या म्हशींची. तेव्हा माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं, उलट म्हशीची एक लाथ अजून कमरेत आहे. शेजारी उभ्या असलेल्या हनुमानला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, तुमचं औषध व्हतं. म्हाराजांचं मंतरलेलं हाय."

पुजाऱ्यासकट चौघांनी एकेका बरणीत हात घातले. तीर्थ जांभळंच राहिलं. मग वनमालाला गुऱ्हाळावरून तशीच बोलावून आणली. सकाळी देऊळ झाडायचं, मग दिवसभर गुऱ्हाळावर राबायचं आणि दोन पोरींना शिकवायचं, असा तिचा एकटीचा संसार. तिनं हात घातला, महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि बघता बघता पाणी हिरवट झालं, मग तपकिरी गढूळ. थोड्या वेळानं तळाशी गाळ दिसायला लागला.

बाया पदर सावरून मागं सरकल्या. देवस्थानचे पंच सुंदरराव, गुऱ्हाळाचे मालकही तेच, उठून म्हणाले की उद्यापर्यंत मुखवटा आला नाही तर वनमालानं पोरी घेऊन गाव सोडायचं. तिनं देवीची शपथ घेतली. पण बरणी तळाला गाळ घेऊन समोर असताना शपथ कोण ऐकणार? तिच्या दोन्ही पोरी गर्दीतच उभ्या होत्या.

माझी मात्र पंचाईत झाली. औषध मला माहीत होतं, पण तिच्याच हातानं ते गढूळ का व्हावं, हे सांगता येईना. तेवढ्यात फळवाल्या मकसूदची शाहीन माझ्याजवळ आली. पोरगी बीडला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. वनमालाताई गुऱ्हाळावर नेमकं काय करत होती, एवढंच तिनं विचारलं. गूळ खरवडून ढेपा भरायची आणि धुण्याच्या सोड्यानं रस उकळायची काहील घासायची, मी म्हणालो. शाहीन हसली आणि कानात म्हणाली, "काका, सुंदररावांना बी हात घालायला लावा. मी बोलले तर लोक भलतंच काढतील."

मी उभा राहून म्हणालो, पंचांनीही हात घालावा, म्हणजे कुणाला शंका उरणार नाही. महाराज घाईनं म्हणाले की तीर्थाची वेळ संपली. पण सुंदरराव आपल्या पुण्याईवर भलतेच खूश. त्यांनी स्वतःच ताजी बरणी पुढं ओढली. इथं येईपर्यंत ते गुऱ्हाळावर पाक चिमटीत धरून बघत होते, वर तळहातावर तंबाखूला चुना मळलेला. हात आत गेला. तीर्थ हिरवं झालं, मग तपकिरी.

"म्हंजी मुखवटा पंचांच्या घरात हाय का काय?" मागून कुणीतरी विचारलं.

इतका वेळ झोपलेली सुंदररावांची अक्कल खडबडून जागी झाली. "आरं, मी गुऱ्हाळावरून आलोय! हाताला गूळ हाय माझ्या!"

"वनमालाताईच्या हाताला बी गूळच व्हता," शाहीन म्हणाली. आता ती पुढं आली होती.

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. हे जांभळं म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. त्याला गूळ किंवा साखर मिळाली की त्याचा मँगनीज ऑक्साइड होतो, तोच हा तपकिरी गाळ. सोडा नाहीतर चुना सोबत असला की काम झटपट होतं. "कॉलेजात आमी मुद्दाम बनवतो, गाळून वाळवतो. सेलमधी जी काळी पावडर आसती, ती हीच. त्यात कुणाचं पाप लागत न्हाई."

तिनं चौथ्या माणसाच्या जांभळ्या बरणीत प्रसादाचा गूळ आणि चिमूटभर चुना टाकला. गूळ काही देवळात चोरी करायला गेला नव्हता, तरी पाणी तपकिरी झालं. महाराजांना अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

सुंदरराव वनमालाला म्हणाले, झालं ते झालं, उद्यापासून कामाला ये.

ती जागची हलली नाही. "माझ्या हाताला गूळ व्हता, मालक. तुमच्या डोळ्याला काय व्हतं?"

सुंदररावांनी खाली बघितलं. आम्ही सगळ्यांनीच खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार गेली. मुखवटा अजून सापडलेला नाही आणि चोर कोण हे मला माहीत नाही. माहीत नसेल तर तसं म्हणावं आणि तपास करावा, त्यानं कुठलीही देवी रागावत नाही. कुणी पाण्यात पाप दाखवायला लागला तर आधी पाण्यात काय टाकलंय ते विचारावं. एवढं आम्हाला त्या दिवशी जमलं असतं, तर दोन पोरींना भर गावात आपल्या आईला चोर ठरवलेलं बघावं लागलं नसतं.