मुक्ताबाईंचं उडतं पेट्रोल

उडता उडताच एक विमान दुसऱ्यातून इंधन भरून घेतं, असं मुक्ताबाईंनी आठवीच्या मुलींना सांगितलं आणि दोन दिवसांत ते राहात्याच्या बाजारात पोचलं. बहात्तरचा जानेवारी. लढाई नुकतीच संपलेली, त्यामुळे विमानांवर जो तो बोलत होता. शाळेच्या कमिटीतले काकासाहेब तर थेट वर्गाच्या दारात आले.

"बाई, पोरींना कायबी सांगू नका. इमान काय बैलगाडी हाय, कडंला थांबवून वंगण घालायला?"

"थांबवतच नाहीत, काकासाहेब. शनिवारी शाळा सुटली की मैदानावर या. दाखवते."

बोलून गेल्याचा त्यांना जराही पस्तावा झाला नाही. धाकटा भाऊ गोरक्ष हवाईदलात मेकॅनिक, सुट्टीवर आलेला. आपल्याकडे ही सोय नव्हती, पण परदेशी विमानांची फिल्म त्याला प्रशिक्षणात दाखवली होती. रात्री जेवताना दोघांनी सगळं ठरवलं.

शनिवारी गोरक्षनं तोटीचा पाण्याचा डबा पाठीवर बांधला. तोटीला रबरी नळी, नळीच्या टोकाला मागं तोंड केलेलं नरसाळं. मुक्ताबाईंच्या सायकलीच्या हँडलला पुढं रोखलेली पितळी नळी आणि तिच्या मागच्या टोकाखाली रिकामी बरणी. पदर खोचून त्या सायकलीवर बसल्या, तशी कुंपणाबाहेरची माणसंही थांबली.

पहिल्या फेरीत गोरक्ष त्याच्या सायकलीवर पुढं, बाई मागं. नरसाळं डावीकडं गेलं, की बाई डावीकडं वळायच्या. तोवर ते उजवीकडं जायचं. शेवटी चाक चाकाला लागलं आणि दोघं मातीत. काकासाहेब मोठ्यानं हसले.

"अक्का, नरसाळ्याकडं बघू नकोस," गोरक्ष कपडे झटकत म्हणाला. "माझ्या पाठीकडं बघ. माझ्या वेगानं ये. ते आपसूक जुळतं."

दुसऱ्या फेरीत त्यांनी नजर त्याच्या पाठीवरून हलवली नाही. वेग एक झाला. दोन्ही सायकली जणू जागच्या जागी उभ्या आहेत, असं त्यांना वाटलं. पितळी नळी नरसाळ्यात शिरली, घट्ट बसली.

"सोड!" त्या ओरडल्या.

गोरक्षनं मागं हात नेऊन तोटी फिरवली. निम्मं पाणी साडीवर गेलं; पण मैदानाचं टोक येईपर्यंत बरणी अर्धी भरली होती आणि पोरींनी आरोळ्यांनी शाळा डोक्यावर घेतली होती.

काकासाहेबांनी बरणीत बोटं बुडवून पाहिली.

"भरली की वो, बाई! आमीच चुकलो. पर तिकडं वर चाक चाकाला लागलं तर?"

"म्हणून तर आधी खूप शिकावं लागतं."

काकासाहेबांनी मान डोलावली. मग मुलींच्या घोळक्यातल्या आपल्या नातीकडं, रतनकडं, ते वळले.

"तुला येती का गं सायकल?"

"न्हाई, आजोबा."

मुक्ताबाईंनी पदराचं पाणी पिळलं आणि सायकल रतनच्या हातात दिली. "ये, बस. मी मागनं धरते."