गाडीचा वरचा सूर

गाडी दारात आली तेव्हा डॉक्टरांनी आधी बूट काढले आणि मगच आत पाय ठेवला. बायको पायरीवर उभी राहून बघत होती. "अहो, गाडीत बसताय की गादीवर लोळायला चाललाय?" तिने विचारलं. डॉक्टरांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, शिशाच्या रंगाची ही गाडी मिळवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता ती खरोखर स्वतःच्या दारात उभी असताना बुटांची माती आत न्यायची म्हणजे काय!

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशनआधी माणसाला झोपवायचं, ऑपरेशनभर सांभाळायचं आणि शेवटी सुखरूप उठवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्याच हॉस्पिटलात सर्जन असलेला कॉलेजपासूनचा मित्र त्यांना 'भूल्या' म्हणायचा. स्वभावाने भूल्या गरीब, कामात चोख, पण गाड्यांचा विषय निघाला की संपलंच. लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी चहाच्या दुकानात, भर गर्दीत, या गाडीच्या इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवला होता. तरीही आपण होकार कसा दिला, याचं त्या बाईला अजून नवल वाटतं.

त्या आवाजातच सगळं होतं. या गाडीचं इंजिन सीटच्या पाठीमागे बसवलेलं असतं. आधी नुसता घुमारा येतो, मग इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांच्या पुढे गेला की त्या घुमाऱ्यावर दुसरा एक सूर चढतो, बारीक आणि धारदार. डॉक्टर त्याला 'वरचा सूर' म्हणायचे. तरुणपणी त्यांच्याकडे त्याची कॅसेट होती. पुढे तीच ध्वनिफीत कुणाकडून तरी फोनमध्ये उतरवून घेतली होती, पण ती लावायची वेळ गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती. पाठच होती ना! हात धुताना, जिना चढताना, रांगेत उभं असताना ती त्यांच्या डोक्यात आपोआप वाजायची.

पहिल्या दिवशी शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एकटेच गेले. सीटने अंग असं धरलं की जणू मापं घेऊनच शिवली होती. स्टीअरिंग हलकं नव्हतं, जडही नव्हतं, रस्त्यातला बारीकसा खडाही बोटांना सांगत होतं. गिअर टाकला की खट्‌कन बसायचा, जागचा हलायचा नाही. डॉक्टर एकटेच हसत सुटले. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हाती आल्यावर माणूस थोडा तरी हिरमुसतो, पण इथे प्रत्येक गोष्ट मनातल्यापेक्षा सरस निघत होती. मग रस्ता सरळ झाला, त्यांनी श्वास रोखला आणि पाय दाबला.

काटा सहा हजारांवर गेला, सात हजारांवर गेला. घुमारा वाढला. वर काहीच चढलं नाही.

त्यांनी काच खाली केली. पुन्हा पाय दाबला. काच वर केली. पंखा बंद केला, घड्याळ काढून खिशात ठेवलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोंगराखालच्या बोगद्यातून एकदा गेले, वळून पुन्हा गेले. बोगद्यात तर दगडालाही आवाज फुटतो. पण गाडी नुसती गुरगुरत राहिली, तोंडावर उशी दाबल्यासारखी. घरी येईपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जेवताना बायको म्हणाली, "एवढी गाडी आली आणि चेहरा असा का?" ते म्हणाले, "सायलेन्सरमध्ये काहीतरी गफलत आहे."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप. तिथला फोरमन नम्र माणूस होता. त्याने गाडी वर चढवली, खालून दिवा फिरवला, कॉम्प्युटर लावला आणि सांगितलं, "साहेब, गाडी एकदम ओके आहे."

"ओके कशी? वरचा सूरच नाहीये!"

"कुठला सूर, साहेब?"

डॉक्टरांनी तो तोंडाने काढून दाखवला. फोरमनने जरा विचार केला, मग स्वतः आत बसला आणि इंजिन पार वरपर्यंत नेलं. डॉक्टर मागे उभे होते, डोळे मिटून, जीव कानांत गोळा करून. घुमारा, फक्त घुमारा. त्यांनी डोळे उघडले आणि जोरात म्हणाले, "ऐका! आहे का काही? आहे का?" समोर रंगकाम करणारा माणूस दोन्ही कानांत बोटं घालून उभा होता. टायर बदलणाऱ्याने तोंड वेडंवाकडं करून मान फिरवली होती. फोरमनने इंजिन बंद केलं आणि एकदा रंगाऱ्याकडे, एकदा डॉक्टरांकडे बघितलं. "आता याहून जास्त काय पाहिजे, साहेब?" तो हळूच म्हणाला.

डॉक्टर भडकले. तुम्हाला गाड्यांतलं काही कळत नाही, वरच्या साहेबांना बोलवा, गाडी बदलून द्या, असं बरंच काही बोलले. इतका शांत माणूस, पण स्वतःचा आवाज किती चढलाय याचंही भान राहिलं नाही. रंगाऱ्याची बोटं त्यांना दिसली होती. दिसली होती म्हणूनच ते इतके ओरडत होते.

रविवारी कॉलेजात जाणारी मुलगी मागे लागली. "बाबा, तू एकटाच फिरणार का? मला ने ना." ते तिला घेऊन त्याच मोकळ्या रस्त्यावर गेले. पाय दाबला. काटा वर गेला आणि पोरगी किंचाळली. कान झाकून, गुडघे वर घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली. "बाबा, काय भारी वाजते रे! अंगावर काटा आला!"

त्यांनी गाडी झाडाखाली थांबवली. "काय वाजतं नक्की? नीट सांग."

"अरे ते वरचं! मी लहान असल्यापासून तू तोंडाने काढतोस ते. थांब." तिने त्यांचा फोन घेतला, शोधून जुनी ध्वनिफीत लावली, थोडी ऐकली आणि मान डोलावली. "सेम टू सेम. घे, ऐक."

डॉक्टरांनी फोन कानाला लावला. त्या ध्वनिफितीतलं सेकंद न् सेकंद त्यांच्या ओळखीचं होतं. इंजिन सुरू व्हायच्या आधी कुणीतरी खाकरतं, मग एक पक्षी दोनदा बोलतो, मग किल्ली फिरते. खाकरणं आलं. मग नुसती शांतता. मग एकदम घुमारा.

"पक्षी गेला का?" त्यांनी विचारलं.

"कधीच गेला. दोनदा ओरडला की." मुलीने त्यांच्याकडे बघितलं. "काय झालं?"

"काही नाही. सेमच आहे."

गाडी बदलून मिळाली असती, सायलेन्सर नवा बसवता आला असता. कॅसेटमधला पक्षी मात्र बिघडू शकत नव्हता. घरी आल्यावर डॉक्टरांनी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि कानाजवळ बोटं चोळून बघितली, आधी उजव्या, मग डाव्या. बोटं हलताना आरशात दिसत होती. मग मागची एकेक गोष्ट येऊन समोर उभी राहिली. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांची तक्रार होती. टीव्हीवरून बायकोशी रोज वाद व्हायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं स्टूल त्यांनी अलीकडे फिरवून मॉनिटरसमोर घेतलं होतं. पाठ दुखते म्हणून, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं होतं.

त्या मॉनिटरचं असं असतं की पेशंटच्या नाडीबरोबर तो टिक टिक वाजतो, आणि रक्तातला प्राणवायू कमी झाला की टिकटिकीचा सूर खाली उतरतो. आकड्याकडे बघावंच लागत नाही. चांगला भूलतज्ज्ञ पाठमोरा उभा राहून इंजेक्शन भरत असतो, कुणाशी बोलत असतो, आणि सूर जरासा घसरला की बोलता बोलता वळतो. डॉक्टर तसे वळायचे. नव्या भूलतज्ज्ञांना ते हेच शिकवत आले होते.

बायकोला सांगावं म्हणून ते दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. सांगितलं की ती म्हणणार, उद्या जाऊ नका. उद्या गेलो नाही तर परवा कुठल्या तोंडाने जायचं? या कामाशिवाय दुसरं येतंय काय आपल्याला? मॉनिटरवरून नजर हलवायची नाही, बस, असं त्यांनी ठरवलं.

सोमवारी पहिलाच पेशंट पित्ताशयाचा होता. दुर्बिणीतून ऑपरेशन, म्हणून थिएटरमध्ये अंधूक उजेड. सर्जनची नजर पडद्यावर. पोटात गॅस भरला, टेबल कलतं केलं. डॉक्टर डोळ्यांत तेल घालून आकडा बघत होते. मग एक इंजेक्शन भरायचं होतं, ते वळले. सुई, बाटली, हवेचा बुडबुडा बाहेर काढायचा, एवढंच काम.

दंडाला कुणीतरी जोरात हलवलं. सिस्टर होती. मास्कच्या वर तिचे डोळे मोठे झाले होते आणि ती मॉनिटरकडे बोट दाखवत होती. आकडा घसरत चालला होता. टेबल कलतं करताना पेशंटच्या घशातली नळी सरकून एकाच फुप्फुसात गेली होती. डॉक्टरांचे हात मात्र शहाणे होते. त्यांनी नळी मागे ओढली, श्वास देणारा फुगा दाबला, दोन्ही बाजूंनी छाती वर येते का ते बघितलं. आकडा हळूहळू चढू लागला. पेशंटला काही झालं नाही. पुढे तो उठला, नाव विचारल्यावर नाव सांगितलं आणि पाणी मागितलं.

पण डॉक्टरांची पाचावर धारण बसली होती. सर्जन आता त्यांना फाडून खाणार, या तयारीने ते चहाच्या खोलीत गेले. सर्जनने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"भूल्या, गाडी बाहेर ठेवून येत जा रे! थिएटरमध्ये पण तिसऱ्या गिअरवरच आहेस!"

सिस्टर हसली. एरवी गंभीर असणारा थिएटरचा मदतनीसही हसला. "नवी आहे ना, सर. चार दिवस चालायचंच," सिस्टर म्हणाली. नव्या गाडीचं खूळ! पन्नाशीतल्या माणसाला शोभणारं, गोड, माफ करण्यासारखं खूळ. डॉक्टरांनाही हसू आलं, आणि ते किती सोपं आहे हे पाहून ते घाबरले. महिनाभर, कदाचित वर्षभर, ही गाडी आपल्यावर पांघरूण घालू शकेल. विचारलं तर म्हणायचं, लक्ष नव्हतं. लोक चेष्टा करतील आणि विसरून जातील.

पुढचा पेशंट सहा वर्षांची मुलगी होती. हर्नियाचं साधं ऑपरेशन. ती बाहेर वडिलांच्या मांडीवर बसली होती. "काका, झोपेत मी पडले तर?" तिने विचारलं. "मी धरून ठेवीन," डॉक्टर म्हणाले. उत्तर देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सबंध वेळ तिच्या ओठांकडे बघत होतो. वडिलांनी हात जोडले. लहान मुलांचा प्राणवायू मोठ्यांसारखा सावकाश उतरत नाही, बघता बघता तळाला जातो, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत होतं.

आत सगळे तयार होते. सर्जन हात धुऊन उभा होता. डॉक्टर आले तसं तो मास्कमागून काहीतरी बोलला. सिस्टरचे डोळे बारीक झाले, म्हणजे ती हसली. मदतनिसाचे खांदे हलले. पुन्हा गाडीचाच विनोद असणार. त्यावर नुसती मान डोलावली असती तरी काम भागलं असतं.

"गाडी नव्हती," डॉक्टर म्हणाले.

सर्जनने भुवया वर केल्या.

"सकाळी माझं लक्ष गाडीत नव्हतं. माझं लक्ष तिथेच होतं. मला सूर उतरलेला ऐकू आला नाही. आत्ता तू काय बोललास तेही नाही."

सर्जन बोलू लागला. मास्क हलत होता, बराच वेळ हलत होता. डॉक्टरांना त्यातून नुसती कुजबुज पोचत होती.

"मास्क काढ आणि बोल," ते म्हणाले. "मला तोंड दिसल्याशिवाय कळत नाही."

सर्जनने धुतलेल्या हातांनी मास्क खाली ओढला, म्हणजे आता त्याला पुन्हा हात धुवावे लागणार होते. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

"इतके दिवस मी कुणाच्या जिवावर कापत होतो रे?" तो म्हणाला.

यातलं अक्षर न् अक्षर डॉक्टरांना कळलं. ते टोपी काढून बाहेर गेले. मुलीचे वडील लगबगीने उठून उभे राहिले.

"आज ऑपरेशन होणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"का? तिला काही झालंय का?"

"नाही हो, तिला काही नाही. झालंय ते मला."

वडील पुढे काहीतरी विचारत होते, पण त्यांनी मान मुलीकडे वळवली होती, त्यामुळे डॉक्टरांना ते कळलं नाही. डॉक्टर तिथेच उभे राहिले आणि वडिलांचं तोंड आपल्याकडे वळायची वाट बघू लागले.