मनगटापासून कोपरापर्यंत

“खाली नाही, वर,” असं लियूबाईंनी मला तीनदा बजावलं आणि पुन्हा संहिताचा हात मांडीवर घेतला.

साडेएकोणचाळीस, म्हणजे आपल्याकडचा एकशेतीन ताप होता पोरीला. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या डॉक्टरकडे, फोन केला, तर तिथल्या बाईनं ठरलेलं उत्तर दिलं. पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा, फारच मलूल वाटली तर पुन्हा फोन करा. चार वर्षांची पोर सोफ्यावर नुसती भट्टी झालेली, आणि फारच मलूल वाटली तर म्हणे! माझा नवरा विश्वास रॉटरडॅमला ऑफिसात. शेवटी खालच्या मजल्यावरच्या लियूबाईंना बोलावलं.

झूटरमेरच्या आमच्या इमारतीत कुणाचंही पोर तापलं की त्याच येतात. एरवी टोकोमध्ये, म्हणजे आशियाई किराणा दुकानात, तीस वर्षं तांदळाच्या गोण्या रचताहेत. त्यांचा मुलगा तिकडे चीनमध्ये सहाव्या वर्षी तापानं गेला, तेव्हाही त्या इथे गोण्याच रचत होत्या. त्याच्या हाताला कुणी बोट लावलं नाही, हे त्यांनी मला एकदा जिन्यात सांगितलं होतं.

ताप उतरवायचा त्यांचा गावाकडचा उपाय असा: वाटीतल्या पाण्यात दोन बोटं बुडवायची आणि हाताच्या आतल्या बाजूनं मनगटापासून कोपरापर्यंत अलगद न्यायची. तीनशे वेळा. दीडशे झाले आणि दुकानातून लवकर या म्हणून फोन आला. मला जागेवर बसवून त्या बोलायला बाहेर गेल्या.

आता माझा हात आमच्याकडचा. आजारपण वरून खाली उतरवायचं, एवढंच त्याला ठाऊक. दृष्ट काढावी तशी मी बोटं कोपराकडून खाली ओढत होते आणि शेवटी झटकत होते. चूक लक्षात येईतो वीसेक वेळा झालं होतं. संहिताचं कपाळ मात्र गार पडलं होतं, आणि खरं सांगते, मला हायसंच वाटलं.

तेवढ्यात ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत डचमध्ये म्हणाली, “आई, त्याला ताप आलाय.”

“कुणाला गं?”

“त्या मुलाला. तू त्याच्यावर टाकलास.”

मी तिथे हात लावला. रिकामी गादी चटका बसावा इतकी तापली होती. मागे वळले तर दारात लियूबाई. आता बोल लावणार असं वाटलं, पण त्यांनी संहिताला एवढंच विचारलं, केवढा आहे तो. तिनं हातानं उंची दाखवली, सहा वर्षांच्या पोराएवढी.

लियूबाईंनी वाटीतलं पाणी बदललं. मग दुकानात फोन लावला आणि डचमध्ये सावकाश म्हणाल्या, “आज मी येणार नाही. माझ्या मुलाला ताप आहे.”

त्या रिकाम्या जागेशेजारी बसल्या, मांडीवर काहीतरी अलगद घेतलं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागल्या.