कपाटावरची लाल बॅग

मी बॅग बोलतेय. लाल रंगाची, चार चाकांची, आणि कितीतरी वर्षं एका चाकावरही ओरखडा न पडलेली. माणसाचं रूप टिकलं तर लोक त्याला भाग्यवान म्हणतात. बॅगेचं रूप टिकलं तर खुशाल समजावं, तिचं वाटोळं झालंय.

कारखान्यातून आम्ही बहिणी एकाच ट्रकमधून निघालो. दुकानात माझ्या शेजारच्या निळीला एका नव्या जोडप्याने उचललं, करडीला शिकायला निघालेल्या एका मुलीने. मला मात्र एका निवृत्तीने आणलं, म्हणजे निवृत्तीच्या विचाराने.

माझे मालक एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. माल आत आला की त्यांची कळी खुलायची, बाहेर गेला की तोंड कडू व्हायचं. निवृत्ती जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. पगार बंद झाल्यावर पुरणार कसं? म्हणून मालकिणीला घेऊन ते गुंतवणूक सल्लागार मॅडमकडे गेले. मॅडमनी विचारलं, "काका, निवृत्तीनंतर काय करायचंय?"

"पुरलं पाहिजे," मालक म्हणाले.

"आणि काकू, तुम्हाला?"

मालकीण गोंधळली. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मग म्हणाली, "ताईकडे महिनाभर राहायचंय. समुद्राकाठी घर आहे तिचं. लग्न झाल्यापासून आमची निवांत भेट म्हणून नाही. कार्याला जायचं, पाहुण्यांना वाढायचं आणि परत यायचं."

मॅडमनी कागदावर सगळ्यात वर तेच लिहिलं आणि तेवढ्यासाठी रक्कम मालकिणीच्या नावाने वेगळी ठेवायला लावली. त्याच संध्याकाळी मालकिणीने हट्टाने मला घेतलं. मालकांनी माझी चेन दहादा उघडून मिटून पाहिली आणि मुठीवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही.

हे सगळं मला कसं कळलं, विचाराल. पहिली भेट मालकिणीने ताईला फोनवर सांगितली, पुढचं मी स्वतःच ऐकलं. घरी येताच मालकांनी माझ्या पोटात पॉलिसी, पावत्या आणि पासबुकं भरली. कानामागून आली आणि तिखट झाली, तसे ते कागद! माझा प्रवास म्हणजे घर ते मॅडमचं ऑफिस, तोही मालकांच्या हातातून. जमिनीवर ठेवलं तर चाकं झिजतात ना!

दुसऱ्याच भेटीत मॅडमनी एक साधी गोष्ट सुचवली. "पगार चालू आहे तोवर काही महिने निवृत्तीनंतरच्या ठरवलेल्या पैशांतच राहून बघा. रंगीत तालीम समजा. जमतंय का ते कळेल."

मालक इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. पेपर बंद झाला, तो शेजाऱ्यांकडे शिळा वाचायला लागले. दोघं एका खोलीत, एका दिव्याखाली बसू लागली. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटली. मालकीण आधी हसायची. "नव्याचे नऊ दिवस आहेत," असं तिने ताईला फोनवर सांगितलेलं मी ऐकलंय. ते नऊ दिवस काही संपले नाहीत.

मालक निवृत्त झाले. मॅडमनी हिशोब मांडून दाखवला. "काका, लागेल त्यापेक्षा बरंच जास्त आहे. तालीम संपली. आता खर्च करा."

"शिल्लक आहे म्हणून माल बाहेर काढायचा का?" मालक म्हणाले. मॅडम हसल्या, त्यांना तो विनोद वाटला. मालकीण हसली नाही.

मग ताईचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "काचबिंदू आहे गं. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत यायची नाही. थोडं दिसतंय तोवर ये. तुझं तोंड बघू दे एकदा."

मालकिणीने मला कपाटावरून खाली काढलं, कागद बाजूला ठेवले, आपले कपडे भरले. काय सांगू, कपड्यांचा स्पर्श कसा असतो ते मला तेव्हा कळलं!

"पुढच्या वर्षी जाऊ," मालक म्हणाले. "यंदा व्याज उतरलंय. आणि उद्या मॅडमकडे जायचंय, कागद लागतील." त्यांनी कपडे काढून पलंगावर ठेवले, तेही नीट घडी करून.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलंच, "काकू, ताईंकडे जाऊन आलात?"

"ताई कुठे पळून जातेय?" मालकांनी परस्पर उत्तर दिलं.

"अहो काका, ते पैसे त्याच कामासाठी काढून ठेवलेत. आता तिकीटही मीच काढून देऊ का?"

मालकीण खाली बघत राहिली. मला तिचाही राग येतो. पैसे तिच्या नावावर, पाय तिचे, बहीण तिची. पण "जाऊ का?" असं विचारायची सवय जन्माची. ती विचारत राहिली, मालक "बघू" म्हणत राहिले, आणि ते पुढचं वर्ष दरवर्षी पुढेच सरकत राहिलं.

एके दिवशी ताईचा पुन्हा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आता घाई नको गं करूस. गेली नजर."

मालकीण रडली नाही. तिने मला खाली काढलं आणि कागदांचा गठ्ठा मालकांच्या पुढ्यात, जेवणाच्या टेबलावर ओतला. मग कपडे भरले.

"अगं, कुठे निघालीस?"

"तालीम करतेय."

"कसली?"

"तुमच्याशिवाय राहायची. आधी काही महिने राहून बघावं, जमतं का ते. मॅडमच म्हणाल्या होत्या ना?"

ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, "अगं, ओढू नकोस, उचलून ने. चाकं झिजतील."

तिने मला रस्ताभर ओढलं. खडीवरून, पायऱ्यांवरून, धाडधाड. माझ्या आयुष्यातलं एवढंच सुख. पण वरातीमागून घोडं, त्याची ऐट ती काय!

आता मी ताईच्या पलंगाखाली असते. खाऱ्या हवेने चेन गंजायला लागलीय, मला त्याचं काही नाही. मालक अधूनमधून फोन करतात आणि शिल्लक किती वाढली ते सांगतात. मालकीण "बरं" म्हणते आणि फोन ठेवते.

तुमच्याही कपाटावर माझी एखादी बहीण असेल. तिचा हिशोब कधीचा जमलेला असेल. उपकार करा, तिला आजच खाली काढा.

आम्ही आलो त्या दिवशी ताईने आधी मला चाचपलं. मुठीवरचं प्लॅस्टिक तिच्या बोटांना लागलं. "नवी घेतलीस होय?" मग ताईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळावरून, गालांवरून सावकाश बोटं फिरवली आणि विचारलं, "केस पिकले का गं तुझे?"

"नाही गं ताई," माझी पांढऱ्या केसांची मालकीण म्हणाली, "तू पाहिली होतीस ना, तश्शीच आहे मी."