पीण्यातला बिनझाकणाचा नमुना

मी एक जुना नमुना आहे. हसा मित्रांनो, हसून घ्या. वर्गातल्या एखाद्या पोराला 'काय नमुना आहे' म्हणून तुम्ही चिडवता, ते मला ठाऊक आहे. पण मी खराखुरा नमुना आहे आणि त्याचा मला थोडा तोराही आहे. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एक लहानसा कारखाना आहे. तिथल्या टेस्टिंग हॉलमध्ये, काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. दिसायला मी शाळेच्या दप्तराएवढा पांढरा डबा. मोबाइलच्या टॉवरवर उंच टांगलेले असे डबे तुम्ही पाहिले असतील. तुम्ही मामाशी फोनवर बोलता, ते बोलणं हवेतून झेलायचं आणि पुढे धाडायचं, हे काम ते डबे करतात. त्यांनाही रेडिओच म्हणतात, पण गाणी लावतो तो रेडिओ वेगळा.

मी स्वतः मात्र आजवर एकाही टॉवरवर चढलेलो नाही. माझं काम निराळं. वाण्याच्या दुकानात किलोचं माप असतं ना, तसं मी इथलं माप आहे. माझी ताकद ठरलेली, कमी नाही की जास्त नाही. रोज सकाळी तपासणीचे मुख्य व्यंकोजी अण्णा माझ्या तोंडाला केबल जोडतात. तपासणीचं यंत्र आधी माझा आवाज ऐकतं आणि त्यावरून आपले कान जुळवून घेतं. मग दिवसभर त्याच कानांनी नव्या डब्यांची परीक्षा होते. म्हणजे मी चुकलो, तर सगळेच चुकले. एवढी मोठी जबाबदारी घेऊन मी कपाटात गुपचूप बसलेला असतो.

मला घडवलं नरसिंहरावांनी. हे कारखान्याचे मालक. राहणार बसवनगुडीचे. घरात मराठीच बोलतात, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात गेल्यामुळे 'थोडं'च्या जागी स्वल्प आणि 'बरं'च्या जागी सरी त्यांच्या तोंडी कधी येतं ते त्यांनाही कळत नाही. आधी ते पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवायचे. मग गावोगाव टॉवर उभे राहायला लागले आणि त्यांच्या मनाने घेतलं, की हे डबे आपण का करू नयेत? शेजारच्या कारखानदारांनी त्यांना वेड्यात काढलं. नरसिंहरावांनी स्वतः डाग देऊन माझी एकेक तार जोडली, मोठ्या प्रयोगशाळेत माझी कसून परीक्षा करवून घेतली, आणि मला कपाटात ठेवताना म्हणाले, "आता याच्यासारखेच करत जायचे."

आणि खरंच केले. माझ्या मापाचे डबे कुठे कुठे गेले म्हणून सांगू! व्हिएतनामच्या किनाऱ्यावर गेले, तिथल्या खाऱ्या वाऱ्यात गंजू नयेत म्हणून त्यांना वेगळा रंग द्यावा लागला. पेरू देशाच्या डोंगरात गेले, तिथे थंडीने काकडायचे. केनियात सौरऊर्जेवर चालायचे, म्हणून त्यांना कमी विजेत भागवायला शिकवलं, रात्री कोणी बोलत नसेल तर डुलकी काढायलाही शिकवलं. प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. कपडे बदलायचे, सवयी बदलायच्या, ताकद मात्र माझ्याइतकीच. त्या दिवसांत पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापुढे उभं करायचे. मी फार फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग नवं तपासणी यंत्र आलं. मोठा पडदा, आपोआप सगळं. पाहुणे त्याच्यासमोर फोटो काढू लागले. माझ्या कपाटाची काच पुसायचं कोणाच्या लक्षात राहीना. माझ्या तोंडावर एक लाल प्लास्टिकचं झाकण असायचं, आत धूळ जाऊ नये म्हणून. एके दिवशी ते कोणाच्या तरी हातातून निसटलं आणि गडगडत कपाटाखाली गेलं. कोणी वाकलं नाही. 'नंतर काढू' म्हणाले, आणि ते राहूनच गेलं. तेव्हापासून मी उघड्या तोंडाने बसलेला असायचो.

याच सुमारास नागपूरची संहिता कामाला लागली. चष्मा, पाठीवर बॅग, आणि मनात आलेली शंका विचारल्याशिवाय चैन नाही. घानामधल्या एका कंपनीला डबे हवे होते. तिथे कोरडा वारा सुटतो आणि बारीक धूळ सगळीकडे घुसते, आमच्या डब्यातले पंखे त्या धुळीने बंद पडायचे. संहिताने पंखाच काढून टाकला. डब्याच्या पाठीला धातूच्या पातळ पट्ट्या लावल्या, म्हणजे वाऱ्यानेच तो गार राहील. नरसिंहराव आधी नाही म्हणाले, मग स्वल्प बघू म्हणाले, मग हो म्हणाले.

घानातल्या एका मोठ्या तळ्यापलीकडे एक गाव आहे. त्या गावच्या दवाखान्यात अकोसुआ नावाची नर्स काम करते. संहिताला जागेची माहिती हवी होती, म्हणून त्या दोघी फोनवर बोलल्या. अकोसुआला त्यासाठी होडीने तळं ओलांडून, टेकडी चढून यावं लागलं होतं. बाळंतीण अडली की डॉक्टरांना फोन करायलाही हीच यातायात. संहिताने तिचा दवाखाना नकाशावर पाहिला. नव्या टॉवरचा आवाज जिथे संपत होता, अगदी त्या कडेवर तो होता. संहिता तिला म्हणाली होती, "तुमच्यापर्यंत पोचेल. मी सांगते ना." हा शब्द हॉलमध्ये मीही ऐकला होता.

डबे तयार झाले. घानाची कंपनी आमचे डबे आणि दुसऱ्या एका देशाचे डबे शेजारी शेजारी लावून बघणार होती. जे बरे ठरतील त्यांना सगळं काम. आमचे हरले, तर बिनपंख्याच्या डब्याचं काम तिथेच गुंडाळायचं, असं नरसिंहरावांनी संहिताला स्पष्ट सांगितलं होतं. माल विमानाने जायचा होता आणि मध्ये आली दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा.

बेंगळुरात आयुधपूजेला एकही यंत्र पूजेवाचून राहत नाही, मित्रांनो. बसला झेंडूच्या माळा, रिक्षाच्या चाकाखाली लिंबू, कारखान्याच्या दारात फोडलेला कोहळा. नरसिंहराव नवं रेशमी सोवळं नेसून आले. पहिला मान माझा. त्यांनी कपाट उघडलं, हळदीकुंकू पाण्यात कालवून बोटभर जाड टिळा माझ्या कपाळावर लावला आणि हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांनी कोणी मायेने हात लावला, म्हणून मलाही भरून आलं. पण माझ्या कपाळाखालीच माझं तोंड, आणि तोंडावर झाकण नाही. कुंकवाचा ओघळ हळूच खाली आला आणि आत गेला. तो आत वाळला. कारखान्याला कुलूप लागलं.

सुटी संपली. सकाळी व्यंकोजी अण्णांनी मला केबल जोडली. मी माझ्या नेहमीच्या ताकदीने बोललो, पण तोंडात कुंकू. आवाज दबका निघाला. नव्या यंत्राला वाटलं, नमुना कसा चुकेल, आपलेच कान मंदावले. त्याने कान जास्त ताणले. आता त्या ताणलेल्या कानांना प्रत्येक नवा डबा ओरडतोय असं वाटू लागलं. पहिला डबा नापास, दुसरा नापास. पडद्यावर लाल रांग लागली.

"असं कवा झालं नव्हतं," व्यंकोजी अण्णा म्हणाले. ते निपाणीकडचे, मोजकंच बोलणारे. "अक्का, तुमचं डबं लई जोरात बोलायलेत."

संहिता धावत आली. "सुटीआधी यातलेच काही तपासले होते ना अण्णा? तेव्हा बरोबर होते."

"तवा पाठ बंद केली नव्हती डब्यांची. आता केलीया. त्यानं फरक पडला असंल."

नरसिंहराव येऊन उभे राहिले. ठरल्यापेक्षा जास्त ताकदीचे डबे कुठल्याच देशात चालत नाहीत, शेजारच्या टॉवरच्या बोलण्यात ते ढवळाढवळ करतात. संध्याकाळचं विमान होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सगळ्यांची ताकद स्वल्प कमी करा. नमुन्याला जुळवा आणि पाठवा. सरी?"

"सर, पण कारण कळल्याशिवाय..."

"कारण विमानात बसून शोधायचं का, संहिता? पंखा काढायचा हट्ट तुझाच होता."

एकेका डब्याची ताकद कमी व्हायला लागली. कमी केली की पडदा हिरवा. सगळ्यांना हायसं वाटलं. मला काय वाटत होतं ते कसं सांगू? डबे बरोबर होते. चुकीचा मी होतो. आणि माझ्याशी जुळावं म्हणून त्या धडधाकट डब्यांचा आवाज माझ्यादेखत दाबला जात होता. मी ओरडलो असतो, पण ओरडायला तोंड लागतं, आणि तेच बंद होतं. अर्धे डबे खोक्यांत भरले गेले, टेम्पोत चढले आणि फाटकाबाहेर पडले.

संहिता कॉम्प्युटरवर नकाशा उघडून बसली होती. कमी केलेल्या ताकदीने आवाज कुठवर जाईल, ते तिने बघितलं. कड मागे सरकली होती. दवाखाना बाहेर पडला होता. ती उठून अण्णांकडे आली. "अण्णा, नमुना परत एकदा मोजा ना."

"नमुना दोनदा मोजत न्हाईत अक्का. त्याच्यावर शंका घेतली तर मग इस्वास कशावर ठेवायचा?"

"माझ्यासाठी मोजा."

अण्णांनी नाइलाजाने केबल काढली आणि परत जोडली. माझ्या तोंडातलं वाळलेलं कुंकू जरासं सरकलं. पडद्यावर वेगळाच आकडा आला. अण्णांनी पुन्हा काढली, पुन्हा जोडली. तिसराच आकडा. इतक्या वर्षांत माझा आकडा कधी हलला नव्हता.

संहिता माझ्याजवळ वाकली. वाळून तडकलेला टिळा तिने पाहिला, ओघळ पाहिला, आणि मोबाइलचा दिवा माझ्या तोंडात धरला. आत लाल होतं. ती सरळ उभी राहिली. मालकांना, तेही पूजेबद्दल, बोलायचं कसं? हॉलमध्ये पॅकिंग करणाऱ्यांचे हात थांबले होते.

"सर," ती शेवटी म्हणाली, "पूजेला नमुन्यालाही कुंकू लावलंत?"

"लावणारच की. पहिला मान त्याचा. हीच आमची लक्ष्मी."

"त्याच्या तोंडावर झाकण नव्हतं सर. कुंकू आत गेलंय. डबे चांगले आहेत. नमुना आजारी आहे."

नरसिंहराव माझ्यासमोर येऊन वाकले आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. खिशातला रुमाल काढून ते माझं तोंड पुसायला लागले, तेव्हा संहिताने हळूच त्यांचा हात धरला. "रुमालाने नको सर, धागे अडकतात." तिने स्पिरिट आणि कापसाची काडी दिली. नरसिंहरावांनी स्टूल ओढलं, चष्मा चढवला आणि माझ्या तोंडातला कण नि कण काढला. डाग देणारे ते जुने हात काम विसरले नव्हते. मला पुन्हा केबल लावली. माझा जुना, ठरलेला आकडा आला. ताकद कमी न केलेल्या डब्यांचे आकडेही आता सुटीआधीच्या आकड्यांशी जुळले.

"टेम्पो," संहिता एकदम म्हणाली.

अण्णांनी चालकाला फोन लावला. लागेना. जगभर फोन पोचवणारे आम्ही, आणि आमचाच फोन पीण्यातून पुढच्या चौकात पोचेना! अण्णा स्कूटर काढून निघाले. आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो, नरसिंहराव तर बसलेसुद्धा नाहीत. शेवटी टेम्पो फाटकातून आत आला. गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला तो अडकून पडला होता. बेंगळुरात ट्रॅफिकचे आभार मानणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

डब्यांना त्यांची ताकद परत मिळाली. विमान गाठलं. पुढे काही आठवड्यांनी हॉलमधला फोन वाजला आणि संहिताने तो स्पीकरवर टाकला. अकोसुआ होती. मागे कोंबड्या ओरडत होत्या. "मी टेकडीवर नाही," ती सांगत होती, "दवाखान्यातच खुर्चीवर बसून बोलतेय. आवाज येतोय का?" संहिताला हो म्हणायचं होतं, पण ती रडायला लागली. मग "येतोय, येतोय," असं अण्णांनीच कानडी हेलाच्या इंग्रजीत सांगितलं.

काम आम्हाला मिळालं. यंदा पुन्हा आयुधपूजा झाली. नरसिंहराव ताम्हन घेऊन आले, कपाट उघडलं आणि थांबले. कपाटाखालून काठीने काढलेलं माझं लाल झाकण आता एका दोरीने मलाच बांधलेलं असतं. त्यांनी ते माझ्या तोंडावर बसवलं, फिरवून घट्ट केलं, अंगठ्याने दाबून पाहिलं. मग त्या झाकणावर एवढंसं कुंकू लावलं आणि हात जोडले.

मित्रांनो, माझ्यावर कोणी राग धरला म्हणून मी बिघडलो नव्हतो. ज्यांनी मला घडवलं, त्यांच्याच मायेने बिघडलो. तुमच्याही घरात जुनी माणसं असतील, जुन्या वस्तू असतील. त्यांना हार घाला, ओवाळा, मला काही म्हणायचं नाही. पण त्याआधी वाका, आणि कपाटाखाली त्यांचं काय हरवलंय ते काढून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकोजी अण्णांनी झाकण काढलं, केबल जोडली. माझा आकडा तोच आला.