विल्माने खोडलेले नाव

मी नेब्रास्कातल्या एका जिल्हा न्यायालयाचे जुने, अक्रोडाच्या लाकडाचे पिंप आहे. जिल्ह्यातल्या रहिवाशांच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात टाकायच्या, दांडा फिरवायचा आणि खटल्याचा निकाल देणारे बारा पंच निवडायचे, हे माझे काम. मित्रांनो, चाळीस वर्षे मी शेतकरी, न्हावी, पाववाले सगळे एकत्र घुसळले. कोण कोणाशी बोलत नाही, तेही मला पाठ होते.

विल्मा हॉफबाउरच्या नवऱ्याचा हात धान्यकोठारातल्या यंत्राने नेला. कोठाराची कंपनी मिनेसोटाची, मुकादम ऑर्विल मात्र गावचाच. विल्माने दोघांवर इथे, राज्याच्या न्यायालयात दावा लावला. धान्याचा पट्टा माणसाला कसा ओढतो, हे जाणणाऱ्यांनीच न्याय करावा, एवढेच तिचे मागणे.

पण गाव गप्प बसते थोडेच! चर्चच्या जेवणात एकीने टोमणा हाणलाच.

"ऑर्विलला कोर्टात खेचलंस, पण त्याच्या बायकोच्या हातचं बटाट्याचं सॅलड बरं चालतं गं!"

विल्मा शरमली. तिचे वकील काही सांगू पाहत होते; ऐकून न घेताच तिने दाव्यातून ऑर्विलचे नाव काढायला लावले.

तीन आठवड्यांनी माझा दांडा फिरला. पहिली चिठ्ठी निघणार, तोच कंपनीच्या वकिलांनी हसत एक कागद पुढे केला. कारकून लेनोराबाईंनी तो वाचला आणि माझा दांडा सोडला.

"विल्मा, खटला गेला गं! ओमाहाला, संघराज्याच्या म्हणजे केंद्राच्या कोर्टात."

"गेला? अजून सुरूही नाही झाला!"

"ऑर्विल आपल्या राज्यातला. त्याचं नाव होतं तोवर त्यांना हलवता येत नव्हतं. आता तू इथली, ते परराज्यातले. दोन वेगळ्या राज्यांतल्यांचा खटला तिकडे नेता येतो, म्हणून त्यांना ते दार उघडलं."

न्यायाधीश आसनावरून उठले. त्या कागदापुढे त्यांचा अधिकार संपला होता. कायदा तिकडेही नेब्रास्काचाच लागणार, पण पंच दोनशे मैलांवरचे, कोठार आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेले!

साक्षीला आलेला ऑर्विल पांढराफटक पडला.

"वहिनी, मला वाचवायला गेलात आणि हे झालं? मग मीही येतो ओमाहाला. यंत्रावरची संरक्षक जाळी कंपनीनंच काढायला लावली होती. आजवर भीतीनं बोललो नाही."

कंपनीच्या वकिलांचे हसू मावळले.

ओमाहाच्या अनोळखी पंचांनी त्याचे ऐकले आणि विल्माच्या बाजूने कौल दिला. ऑर्विलची नोकरी मात्र गेली.

मित्रांनो, आज मी तळघरात धूळ खात आहे. कधी आलात तर जरा फडके मारा. आणि चांगुलपणा जरूर करा, पण त्याने कोणते दार उघडते, कोणते बंद होते, ते जाणत्याला आधी विचारा. विचारल्याने चांगुलपणा कमी होत नाही.