खंडेनवमीची काठी

नवीन माणूस आमच्या मेंटेनन्स खात्यात आला की त्याचा पहिला तास मी घ्यायचो. फळा नाही, पुस्तक नाही. एका हातात तांब्याची तार, दुसऱ्या हातात खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर. तांब्यात इलेक्ट्रॉन मोकाट असतात, ढकलले की पळतात. चिनीमातीत, रबरात, फायबरमध्ये ते आपापल्या जागी घट्ट बांधलेले, म्हणून वीज पुढं सरकत नाही. एवढं सगळ्यांनाच कळतं. मग मी माझा आवडता मुद्दा काढायचो. "इन्सुलेटर आतनं कितीबी भारी असू द्या, वरनं मळला आन् ओला झाला की संपला. वीज आतनं जातच न्हाई, त्या ओल्या मळावरनं जाती." सत्तावीस वर्षं हे सांगितलं मी. तोंडपाठ होतं. समजलं होतं का, ते तुम्हीच ठरवा.

आमची कंपनी महाळुंग्याची, गाड्यांचे गिअर बनवते. मी गावचाच. त्यामुळे खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेचा मान माझा, आणि त्या मानाची मला घमेंड होती. खोटं कशाला बोलू?

यंदाही टेबलावर पांढरं कापड घालून पाने, पकडी, मीटर, ड्रिल मांडलं. विजेच्या यार्डातली फायबरची काठी भिंतीला उभी केली. ही काठी म्हणजे आमच्या खात्याचा जीव. बावीस हजार व्होल्टच्या लाइनवरचा फ्यूज उडाला की खालून याच काठीनं काढायचा आणि बसवायचा. माणूस आणि मरण यांच्यात तेवढी काठी असते. म्हणून मी तिची पूजा अंमळ जास्तच केली. वरपासून खालपर्यंत ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला आणि त्याचं पाणी तिच्यावर शिंपडलं.

प्रितम मागं उभा होता. चौतीस वर्षांचा, माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला इलेक्ट्रिशियन. त्याचे वडील पिंपरीत कारखान्यात होते. घर बौद्ध, पण आमच्या पूजेला तो दरवर्षी आदबीनं उभा राहायचा, पेढे वाटायचा.

"मारुतराव, एक बोलू का?" तो हळूच म्हणाला. "पान्यांना काय लावायचं ते लावा. काठी तेवढी कोरडी राहू द्या. नारळाच्या पाण्यात मीठ असतं. तुम्हीच शिकवलंय."

माझंच शिकवणं मला, तेही सगळ्या खात्यासमोर! माझं डोकं फिरलं.

"तुमच्यात नसंल हे, आमच्यात हाय," मी म्हणालो. "तुला काय कळायचं त्यातलं? आन् उद्यापातूर कुंकवाला कुणी फडकं लावायचं न्हाई. सांगून ठेवतो."

कुणीतरी हसलं. प्रितम हसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि पेढ्यांचा बॉक्स उचलला.

दुपारी तीनला यार्डातला एक फ्यूज उडाला. गिअर कडक करायची भट्टी बंद पडली, आत माल भरलेला. प्लांट हेड दिग्विजय साहेबांचा फोन आला, "किती वेळ लागेल?" खरं तर वेळ भरपूर होता. आत नऊशे डिग्री असली तरी त्या भट्टीचा बाहेरचा पत्रा हाताला कोमट लागतो. मधल्या जाड लोकरीसारख्या थरात हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. तासभर तरी भट्टीला काही झालं नसतं. पण मी म्हणालो, "दहा मिनिटं, साहेब." सणाच्या दिवशी माझ्या खात्याचं नाक वर राहायला हवं होतं ना!

बाहेर पावसाची भुरभुर नुकतीच थांबली होती. हवा ओलसर, फरशी ओली. प्रितमनं हातमोजे घातले, काठी उचलली. ती चिकट लागली असणार. त्यानं खिशातून फडकं काढलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"पुसू का?"

त्यानं विचारलं. मला हे विसरता येत नाही. माणूस कामात एक नंबर, कायदा त्याच्या बाजूनं, शास्त्र त्याच्या बाजूनं, आणि तरी सकाळच्या त्या बोलण्यामुळं त्याला मला विचारावं लागलं. मी काठीला बोट लावून पाहिलं. बोटाला ओल लागली नाही.

"राहू दे. वाळलंय सगळं."

त्यानं फडकं खाली टाकलं. काठी लांब आणि जड, वर उचलताना तिचं खालचं टोक दंडाला टेकतं. सगळेच तसं धरतात, मीही धरलीय. कोरडी काठी असली की काही होत नाही. पण मिठाचा तो पापुद्रा ओल्या हवेत पाणी ओढत होता. कडाड असा आवाज झाला, काठीवरून निळसर रेघ खाली आली. बस. मी त्याची छाती दाबत राहिलो, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिलो. तो गेला होता.

त्याला गाडीत घातल्यावर सगळे गाडीमागं पळाले. यार्डात मी एकटाच उरलो. त्याचं फडकं फरशीवर पडलं होतं. मी ते उचललं आणि काठी पुसली. वरपासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा, सांध्यातलं कुंकूसुद्धा नखानं काढलं. का पुसलीस असं विचाराल तर भीतीनं, दुसरं काही नाही. जे काम करू नको म्हणून मी त्याला सांगितलं होतं, ते मी पाच मिनिटांत नीट केलं.

चार दिवसांनी काठी तपासणीला गेली. कोरडी, स्वच्छ काठी. पास झाली. अहवालात आलं, साहित्य निर्दोष; कामगारानं घाईत काठी अंगाला टेकवली, त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

अकराव्या दिवशी मनाशी पक्कं केलं आणि कासारवाडीला त्याच्या घरी गेलो. सगळं सांगायचं, मग त्याची बायको चपलेनं मारो नाहीतर पोलिसांत देवो.

दार तिनंच, आम्रपालीनं उघडलं. पाणी दिलं, समोर बसली. डोळे कोरडे ठणठणीत.

"काका, मला रडू येत नाही," ती म्हणाली. "लोक म्हणतात, धक्का बसलाय. धक्का नाही, मला राग आलाय त्यांचा. घरात मिक्सर धुवायच्या आधी पिन काढली का, ते दोनदा बघायचे. आणि तिथं घाई केली? आमचा विचार नाही आला? तुम्ही होतात ना तिथं. तुम्ही सांगाल ते खरं धरीन मी. चूक त्यांचीच होती का?"

शब्द ओठांवर होते. देवाशपथ होते. त्याची चूक नव्हती, एवढे तीन शब्द बोललो असतो तर तिला नवरा परत मिळाला असता, निदान रडण्यापुरता तरी. पण पोलीस दिसले, गाव दिसलं, मुलाचं ठरलेलं लग्न दिसलं.

"घाई झाली त्याला," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, माझा पेला उचलला आणि ती उठली.

तेवढ्यात त्यांची पाच वर्षांची लेक खेळायला जायला निघाली, पायात एकच चप्पल घालून धावत. आम्रपालीनं तिचा दंड धरला.

"हळू जा," ती म्हणाली. "बाबांसारखं करायचं नाही."

"बरं," मुलगी म्हणाली आणि खाली बसून दुसरी चप्पल घालू लागली.